न घेतलेल्या दारूचा रंग

मी आयुष्यात दारू घेतलेली नाही. यात मोठेपणा काही नाही. कॉलेजच्या सहलीत एकानं बाटलीचं झाकण नाकापाशी धरलं होतं, तो वास मला ढेकणांच्या औषधासारखा वाटला आणि विषय तिथंच संपला. तरीही दीड-दोन वर्षं चिकपेटेतल्या आमच्या गल्लीत मी पिणारा म्हणून ओळखला जात होतो. त्यासाठी मला काहीही करावं लागलं नाही. माझ्या नाकानं आणि गालांनी ती सगळी मेहनत घेतली.

आमचं साड्यांचं घाऊक दुकान आहे. आजोबांनी घातलं, वडिलांनी वाढवलं, आता थोरले बंधू आणि मी मिळून चालवतो. थोरल्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सगळी गल्लीही अण्णाच म्हणते. आमची घराणी या गावात इतकी जुनी की मराठी बोलताना कुठून कानडी सुरू झालं ते आम्हालाच कळत नाही. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात आणि रिक्षावाल्याशी बोलायची वेळ आली की आम्हालाच पुढं करतात.

दुकानात अण्णा आत टेबलाशी बसत, माल मागवणं-पाठवणं बघत. मी पुढं गादीवर. तुमकूर, कोलार, होसूरकडचे दुकानदार येत, त्यांच्यासमोर साड्या उलगडणं, पदर धरून दाखवणं, गप्पा मारणं हे माझं काम. हे काम चेहऱ्याचं असतं. समोरचा माणूस साडीकडे जितकं बघतो तितकंच दाखवणाऱ्याकडे बघतो.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा चेहरा बिघडायला लागला. आधी अकराच्या चहानंतर गाल तापत आणि अर्ध्या तासानं निवत. मग निवेनासे झाले. नाकाच्या शेंड्यावर बारीक लाल रेघा उमटल्या, गालांवर पुळ्या आल्या, डोळ्यांत कुणीतरी चिमूटभर वाळू टाकल्यासारखं खुपायला लागलं. मी मुळात उजळ. आमच्या घराण्यात त्या उजळपणाचं फार कौतुक, मुली बघायला जाताना तर हमखास उल्लेख. त्यामुळे माझा लालपणा गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत असे.

मग सल्ले सुरू झाले. या शहरात ट्रॅफिक आणि त्वचा या दोन विषयांवर प्रत्येकाला सगळं माहीत असतं. शेजारच्या जरीवाल्यानं कोरफड लावायला सांगितली. बायकोच्या मावशीनं हळद आणि साय. समोरच्या हॉटेलच्या मालकानं लिंबू चोळायला सांगितलं, आणि मी ते खरोखर चोळलं, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी. एका दूरच्या भावानं अंगातली उष्णता, असा एका शब्दात निकाल दिला. त्यानं सांगितलं म्हणून मी महिनाभर सब्जाचं पाणी प्यालो. उष्णता होती तिथंच राहिली. यांतल्या एकानंही, दवाखान्यात जा, एवढं साधं वाक्य उच्चारलं नाही. मलाही ते सुचलं नाही. पुरुषाचा चेहरा लाल झाला म्हणून डॉक्टरकडे जायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमकूरचे एक जुने गिऱ्हाईक होते. आमच्या वडिलांपासून माल नेणारे, कपाळाला विभूती, बोलणं अतिशय सभ्य. एका दुपारी मी पोटमाळ्यावरून गठ्ठा घेऊन उतरलो. वर पत्र्याखाली भट्टी तापलेली, माझा चेहरा वांग्याच्या भरितासारखा झालेला, डोळे तांबारलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उलगडलेली साडी हलकेच बाजूला सारली आणि म्हणाले, तुमच्याशी नंतर बोलतो. मग आत जाऊन अण्णांशी पंधरा मिनिटं बोलले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. तो हात मला समजला नाही.

संध्याकाळी अण्णांनी मला मागच्या खोलीत बोलावलं.

"किती दिवस झाले सुरू करून?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, काय सुरू करून. त्यांनी अंगठा ओठांकडे नेला. मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी शपथ घेतली, आईची, देवाची, पोरीची. माणूस शपथा घ्यायला लागला की तो खोटा वाटायला लागतो, हे मला बोलता बोलताच जाणवत होतं. माझा चेहरा आणखी तापला आणि अण्णांनी तो तापताना शांतपणे पाहिला.

"प्यायची तर माझ्यासारखी पी," ते म्हणाले. "कुणाला कळतं का?"

हे मात्र खरं होतं. अण्णा वीस वर्षं दर रविवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, दुपारी मित्रांबरोबर एका क्लबात बसत आले आहेत. मला हे माहीत होतं. एकदा त्यांची गाडी बंद पडली तेव्हा मीच त्यांना आणायला गेलो होतो. वहिनींना ती व्यापाऱ्यांची बैठक म्हणून सांगितलेलं, आणि मी वीस वर्षं त्या बैठकीला होय होय म्हणत आलो होतो. त्यांचा चेहरा कसा, तर नुकत्याच न्हालेल्या लहान मुलासारखा. ज्यानं कधी ओठ ओले केले नाहीत त्याला, वीस वर्षं पिणारा माणूस कसं प्यावं ते शिकवत होता. मी ऐकून घेतलं. धाकटेपणाची सवय वयानं जात नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली. पण दोन दिवसांनी मी दुकानातून आल्यावर ती पाण्याचा तांब्या द्यायला जरा जास्तच जवळ आली आणि मला तिचा श्वास आत ओढल्याचा आवाज ऐकू आला. त्या आठवड्यात मी दोनदा विनाकारण तिच्यावर ओरडलो.

त्यानंतर मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि चेहऱ्याला काहीतरी द्या म्हणालो. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे धड बघितलंही नाही. खणातून एक ट्यूब काढली, स्वल्पच लावा म्हणाला, रोज झोपताना. चिठ्ठी मागितली नाही, नाव विचारलं नाही. अर्धं शहर तीच ट्यूब नेत असावं, इतक्या सवयीनं त्याचा हात त्या खणाकडे गेला.

चौथ्या दिवशी चेहरा निवला. दहाव्या दिवशी मी चाळिशीचा दिसायला लागलो. पुळ्या गेल्या, लाली गेली, नाक माणसाचं झालं. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही शरम वाटते. मी त्या ट्यूबचा प्रचारक झालो. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं नाव सांगत सुटलो. लग्नामुंजीत चार लोक जमले की खिशातून काढून दाखवायचो. मला लिंबू सांगणाऱ्या हॉटेलवाल्याहून मी कुठल्याच बाबतीत वेगळा नव्हतो, फक्त माझं लिंबू नळीत भरलेलं होतं. अण्णा समाधानानं म्हणाले, बघ, सोडलीस तर कसा उजळलास. मी तेही ऐकून घेतलं.

तीन-साडेतीन महिने हे चाललं. मग हुबळीला एका लग्नाला गेलो आणि ट्यूब घरी विसरली. दुसऱ्या दिवशी गाल खाजू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात जो माणूस होता त्याला मी ओळखलं नाही. चेहरा सुजलेला, पूर्वीच्या दुप्पट लाल, हनुवटीपर्यंत पुळ्याच पुळ्या, आणि पाणी लागलं तरी आग. लग्नातल्या लोकांनी माझ्या ताटात जिलबी वाढताना मान दुसरीकडे फिरवली. परत आल्यावर मी ती ट्यूब दुप्पट चोपडली. या वेळी ती निम्मंच काम करत होती.

अण्णांनी एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की काही दिवस मी पोटमाळ्यावर गोदाम बघावं, गादीवर ते स्वतः बसतील. हे त्यांनी अतिशय प्रेमानं सांगितलं. ते जे काही अन्यायाचं करतात ते प्रेमानंच करतात. म्हणून मी वर गेलो. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, आणि भावानं भावाला विश्रांतीसाठी पाठवलेलं.

आमची मुलगी कोरमंगलातल्या एका कंपनीत काम करते. ती घरी कमी आणि फोनवर जास्त असते, त्यामुळे तिनं माझा चेहरा नीट बघायला आठवडा गेला. बघितल्यावर मात्र तिनं अर्ध्या तासात हेब्बाळच्या एका त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी म्हणालो, इतक्या लांब कशाला, कोपऱ्यावरचा माणूस आहे ना. ती म्हणाली, "अप्पा, तो माणूस डॉक्टर नाही. तो फक्त काउंटरच्या पलीकडे उभा आहे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. कानडीत बोलत होत्या, मोजकंच, अनावश्यक शब्द न वापरता. चेहऱ्यावर भिंग धरून बघितलं, डोळे बघितले. मग कुठलं क्रीम लावता, असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, साधं खोबरेल. मुलीनं पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. पन्नाशीला आलेला माणूस डॉक्टरसमोर खोटं बोलतो आणि त्याची पोर त्याला पकडते, या प्रसंगात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काहीच नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. या दुखण्याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या थोड्याशा उष्णतेनंही फुलतात आणि मग मिटायला तयार होत नाहीत. सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाही म्हणून आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, कित्येक जण मुरमं समजून वर्षं घालवतात. आणि या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. ती आधी चेहरा गोंडस करते, मग कातडी पातळ करते, आणि थांबवली की सूड घेतल्यासारखा सगळा आजार उलटतो. ट्यूब आजच बंद. पुढचे काही आठवडे फार वाईट जातील, तेव्हा घाबरून पुन्हा लावायची नाही. गोळ्या देते, दुसरं मलम देते, उन्हासाठी लेप देते. हे पूर्ण बरं होत नाही, ताब्यात राहतं.

मी विचारलं, हा दारूचा रंग आहे का. त्या म्हणाल्या, नाही. पिणाऱ्यांचा त्रास दारूनं वाढू शकतो, पण न पिणाऱ्यालाही हा होतो आणि भरपूर होतो. मग मी त्यांना विनंती केली की एवढंच त्यांनी दवाखान्याच्या कागदावर सही करून लिहून द्यावं, की हा माणूस पीत नाही.

"मी त्वचेची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "चारित्र्याची नाही."

मुलगी खिडकीकडे तोंड करून हसत होती. मला राग आला आणि राग आल्या आल्या गाल पेटले. बाईंनी लगेच बोट दाखवून सांगितलं की हेच ते, रागानंही होतं. त्यांनी मला एक वही करायला सांगितली. चेहरा कधी भडकला, त्याआधी काय खाल्लं, कुठं होतो, काय घडलं, एवढंच लिहायचं. प्रत्येकाची कारणं वेगळी असतात, ऐकीव यादी पाळून उपयोग नाही, असं म्हणाल्या.

पुढचे पाच आठवडे मी सांगत बसणार नाही. एवढंच सांगतो की उशीचा अभ्रा गालाला लागला तरी जाग येई. बायकोनं मऊ फडकं थंड पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून सहा वेळा माझ्या चेहऱ्यावर ठेवलं. चौथ्या दिवशी मी ट्यूब शोधायला कपाट उघडलं. ती तिनं आधीच फेकून दिली होती. मी तिला नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, बोला, पण फडकं हलवू नका.

वही मात्र मी इमानानं लिहिली. पोटमाळ्यावर दुसरा उद्योगच नव्हता. महिन्याभरात काही गोष्टी स्पष्ट झाल्या. मिरचीचा आणि माझ्या चेहऱ्याचा काही संबंध नव्हता. गार पडलेल्या भाकरीबरोबर ठेचा खाल्ला तर काही होत नसे. पण वाफाळतं सार भुरकलं की पाच मिनिटांत गाल पेटत. तिखटपणा नव्हे, गरमपणा. अकराचा चहा मी आमच्या गल्लीच्या पद्धतीनं उकळता घशात ओततो, तो कोमट केल्यावर दुपार बरी जाऊ लागली. स्कूटरवर उन्हाचा वारा तोंडावर घेत येणं बंद करून मेट्रो धरली. कढत पाण्याची आंघोळ सोडली, साबण सोडला, टोपी घेतली. लेप लावल्यावर मी नाटकातल्या राजासारखा दिसतो हे मुलीचं मत, पण लेप उपयोगी होता.

आणि एक नोंद जवळजवळ रोज होती. मी लिहिताना ती लक्षात आली नव्हती. एका रविवारी मुलगी जेवणाच्या टेबलावर वही चाळत बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. मंगळवार, साडेबारा, अण्णा वर आले. बुधवार, चार वाजता, अण्णा वर आले, तब्येत विचारली. शुक्रवार, अण्णांनी गिऱ्हाइकासमोर वर बघून मान हलवली. ती हसत होती. बायको हसली नाही. ती म्हणाली, याला काय मलम आहे ते विचारा त्या बाईंना.

साधारण याच सुमारास मला कळलं की वहिनींच्या गालावर वांग होते आणि त्या माझी ट्यूब लावत होत्या. माझी म्हणजे माझ्या प्रचारातली. माझ्या चांगल्या दिवसांत, एका सत्यनारायणाला, मीच त्यांना नाव सांगितलं होतं. आता त्यांना लाली आली होती, आणि त्या ती वाढली की आणखी लावत होत्या. हे ऐकलं आणि मी चप्पल घालून निघालो. त्यांचं घर आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो की ही चूक माझी आहे, तुम्हाला डॉक्टरांकडे मी घेऊन जाणार. अण्णा म्हणाले, काही गरज नाही, बायकांना असं होतंच. वहिनींनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, किती वाजता निघायचं.

वहिनींबद्दल एक सांगायला हवं. गेलं वर्षभर त्या दर सोमवारी आमच्याकडे डबा पाठवत होत्या, कधी चित्रान्न, कधी मोदक, आणि माझ्या बायकोशी फार हळू आवाजात बोलत. आम्हाला वाटायचं, वय झालं, मऊ झाल्या.

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी नेहमीप्रमाणे अडकली. पुढं-मागं गाड्या, तळ्यावरून येणारा दमट वारा. वहिनी बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? आता तुम्ही ते बंद करणार ना?"

मी विचारलं, काय बंद.

"रविवारचं. ह्यांना दर रविवारी तुम्हाला शोधून आणायला जावं लागतं. समजूत घालत दोन-दोन तास बसतात तुमच्याजवळ. शर्टाला वास येतो, मी धुते, मला कळतं. दीड वर्षापूर्वी विचारलं तेव्हा ह्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या घरात बोलले नाही मी कधी. तिला आणखी लाजवायचं कशाला."

आधी मला त्यांच्या बोलण्याचा अर्थच लागेना. मग एक एक तुकडा बसत गेला. अण्णांच्या शर्टाला वास येत होता, आणि दीड वर्षापूर्वी वहिनींनी त्याबद्दल विचारलं होतं. त्याच वेळी अण्णांच्या धाकट्या भावाचा चेहरा आपोआप, फुकटात, दारुड्यासारखा झाला होता. इतकी सोयीची गोष्ट कुठलाही व्यापारी वाया घालवणार नाही. तुमकूरच्या सभ्य माणसाची शंका त्यांनी खोडली नाही, उलट जोपासली. मला गादीवरून हलवल्यावर तर ती सिद्धच झाली. मी वर पत्र्याखाली भाजत होतो आणि दर रविवारी त्यांच्या कहाणीत क्लबाच्या टेबलाखालून उचलला जात होतो.

वीस वर्षं मी त्यांची बैठक सांभाळली होती. आणखी एकदा होय म्हणणं अवघड नव्हतं, सवयीचं होतं. पण माझा चेहरा असा पेटला होता की चालकानं आरशातून बघून एसी वाढवला.

"वहिनी," मी म्हणालो, "मी आयुष्यात घेतलेली नाही. हे डॉक्टरांनी सांगितलेलं दुखणं आहे. रविवारी दुपारी मी घरी झोपलेला असतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर तळ्याकडे. गाडी दोन हात पुढं गेली, थांबली.

"मग हे कुणाला आणायला जातात?" त्या म्हणाल्या.

दवाखान्यात त्या शांतपणे बसल्या, सगळं ऐकून घेतलं, ट्यूब पिशवीतून काढून स्वतःच्या हातानं तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी चार दिवसांत रडकुंडीला आलो होतो. या बाई सहा आठवडे चेहऱ्याची आग सोसत घरचं सगळं करत राहिल्या आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही.

दवाखान्यात जाऊन आलो त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. रविवारी दोघं जेवायला या, लवकर या. आम्ही साडेअकराला गेलो. अण्णा नुकतेच बाहेर पडले होते. जेवण झालं, माझ्यासाठी सार मुद्दाम गार करून ठेवलं होतं. बायका स्वयंपाकघरात गेल्या, मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो. तीनच्या सुमारास किल्ली फिरली. अण्णा दारातच खाली वाकून चपला काढत आत ऐकू जाईल असं म्हणाले, आज फार त्रास दिला त्यानं, जेमतेम घरी सोडून आलो.

मग त्यांनी मान वर केली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मागं माझी बायको. "भावजी सकाळपासून इथंच आहेत," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "तुम्ही कुणाला सोडून आलात?"

अण्णांनी पाणी मागितलं. कुणी हललं नाही. मग ते स्वतः जाऊन प्याले आणि आंघोळीला गेले. भर दुपारी, तीन वाजता. माझी कल्पना होती की असा क्षण आला तर मला फार बरं वाटेल. मला फक्त त्यांच्या वाकलेल्या पाठीची किळस आली, आणि मीच वीस वर्षं त्या पाठीमागं उभा होतो याची त्याहून जास्त.

माझी बायको घरी येताना रस्त्यात म्हणाली, "मीही एकदा वास घेतला होता तुमचा." मी म्हणालो, माहीत आहे. पुढं आम्ही भाजी घेतली.

सोमवारी मी वर गेलो नाही. नऊ वाजता गादीवर जाऊन बसलो. अण्णा आले, क्षणभर उभे राहिले, आणि म्हणाले, "वर तुला उष्णतेचा त्रास होतो. खालीच बसत जा." जणू मला वर पाठवणारा दुसराच कुणी होता आणि हे त्याची चूक सुधारत होते. त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर मला सुचलं नसतं काय करायचं. दुकान दोघांचं आहे, साड्या उलगडाव्याच लागतात. आम्ही मालाबद्दल बोलतो. रविवारी ते अजून बाहेर जातात, कुणाला काही न सांगता. रविवारचा शर्ट आता स्वतःच धुतात, असं वहिनींकडून कळलं.

तुमकूरचे गिऱ्हाईक आले तेव्हा मी त्यांना दुखण्याचं नाव सांगितलं, दोनदा, सावकाश. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, सोडलीत हे फार चांगलं केलंत. मी साडीचा पदर धरला.

गोळ्या बंद होऊन आता बरेच महिने झाले. मलम आणि लेप चालू आहेत. वहिनी आणि मी दर दोन-तीन महिन्यांनी हेब्बाळला एकत्र जातो, पुलावर एकत्र अडकतो. त्यांचा चेहरा माझ्याहून लवकर सुधारला. माझा उन्हाळ्यात अजून भडकतो, फक्त आता मला कारण माहीत असतं. औषधाच्या दुकानात मी एकदा जाऊन त्या माणसाला सगळं सांगितलं. तो सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि माझ्या मागच्या बाईला त्याच खणातून ट्यूब काढून दिली. मी त्या बाईला दारात गाठून सांगितलं. तिनं मला वेडा समजून पाय उचलला. नंतर दुसऱ्या एका बाईला सांगितलं, तिनं मात्र ऐकलं, डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात व्याख्यान होतं. खोली तापलेली, माझे गाल थोडे वर आलेले. शेजारी पुण्याहून नव्यानं आलेला एक गृहस्थ बसला होता, एखाद्या टेक पार्कातला असावा. त्यानं फार काळजीनं विचारलं, काय हो हे. मी रोझेशिया म्हणालो. त्यानं लगेच विचारलं, संसर्गजन्य आहे का, आणि मी तोंड उघडायच्या आत खुर्ची हातभर पलीकडे सरकवली. मी खुलासा केला नाही. आमच्या मधल्या जागेतून खिडकीचा गार वारा थेट माझ्या तोंडावर येऊ लागला, आणि व्याख्यान संपेपर्यंत तो टिकला.